बांगडीतली ऊब

रविवार, २ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. सामानाच्या गाडीवाल्याने वाटेत दोनदा रस्ता चुकवला, कपबश्यांचं खोकं उलटं ठेवलं आणि वर मलाच विचारलं की एवढी पुस्तकं कोण वाचतं. तरी माझा मूड काही बिघडला नाही. घर छान आहे. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. खिडकीतून थेट प्रयोगशाळेचं बुटकं राखाडी छप्पर दिसतं. म्हटलं, घरी बसूनही ऑफिसवर डोळा ठेवता येईल. नवरा म्हणाला, की ऑफिसलाही तेवढंच सोपं जाईल.

नवऱ्याचं बरं आहे. तो घरी बसून लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढतो आणि काम नसेल तेव्हा माझ्या. त्याला टेबल आणि दिवा मिळाला की गाव कुठलं याच्याशी देणंघेणं नसतं. लेकीचं मात्र मला टेन्शन होतं. साडेचार वर्षांची आहे, एका जागी दोन मिनिटं बसत नाही, म्हणून घरात तिला सगळे भिंगरीच म्हणतात. पण तिने आल्या आल्या स्वयंपाकघराच्या काचेवर हा करून तोंडाची वाफ सोडली, धुरकट गोलात बोटाने दोन डोळे आणि नाक काढलं आणि ही आपली शेजारीण म्हणून जाहीर केलं. थंडीमुळे काच गार असते, त्यामुळे शेजारणींना तोटा नाही. झोपेपर्यंत चार झाल्या.

आता मी चहा घेऊन बसले आहे. उद्या कागदपत्रं, परवापासून काम. ज्या यंत्रावर काम करायचं म्हणून मी इतकी वर्षं घासली, ते समोरच्या छपराखाली आहे. मला हसू आवरत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज यंत्र पाहिलं. पोकळ, गोल, माणूस आत वाकून चालू शकेल एवढं कडं, आणि त्याभोवती चुंबकांची जाड वेटोळी. इथे सगळे त्याला बांगडी म्हणतात. बांगडीच्या आत चिमूटभर वायू सोडायचा, सूर्याच्या पोटापेक्षा तापवायचा आणि चुंबकांच्या जोरावर भिंतीपासून दूर, अधांतरी धरून ठेवायचा. धरून ठेवणं हीच रड आहे. त्या वायूत बारीक भोवरे उठतात आणि उष्णता आतून कडेला, कडेवरून भिंतीला नेऊन टाकतात. क्षणभरात सगळं विझतं. माझं काम म्हणजे कडेला उलटसुलट प्रवाह खेळवून ते भोवरे चिरडायचे, उष्णतेला कुंपण घालायचं. सासूबाईंना मी सांगितलं होतं की मी फार महाग थर्मास बनवते. त्यांना ते एकदम पटलं.

माणसं बरी वाटली. प्रमुखांना मागे सगळे हेडमास्तर म्हणतात. सडपातळ, मृदू बोलणारे. खोलीतही गळ्याला मफलर, हातात लोकरी मोजे. माझ्या शेजारच्या टेबलावर पंपवाली बसते. बांगडीतली हवा उपसून काढणारे पंप तिच्या ताब्यात आहेत. तोंडाचा पट्टा मात्र कोणाच्याच ताब्यात नाही. अर्ध्या तासात मला कोणाचं कोणाशी पटत नाही ते सगळं कळलं. माझ्या खुर्चीवर एक निळा स्वेटर टाकलेला होता. तो माझ्या जागेवर आधी असलेल्या बाईंचा. तब्येतीमुळे सोडून गेल्या, असं ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचं बोलणं एका वाक्यात संपलं.

इथे एक गंमत आहे. रोज सकाळी पहिल्या शॉटआधी, म्हणजे बांगडी पेटवण्याआधी, मूठ द्यायची असते. कंट्रोल रूमच्या भिंतीतून एक तार येते, तिच्या टोकाला बोटाएवढा सेन्सर. त्याची साखळी थेट बांगडीच्या भिंतीतल्या सेन्सरांना जोडलेली. एकाने तो मुठीत धरायचा. अंगाच्या उबेने पडद्यावरची रेघ वर चढली म्हणजे सगळी साखळी जिवंत आहे. मग मूठ सोडायची, रेघ खोलीच्या गारव्याला येऊन टेकली की तिथे शून्य बांधायचं. दिवसभराची मोजमापं त्या शून्यापासून. मान नव्या माणसाचा, म्हणजे माझा. मूठ मारतात हे ऐकलं होतं, देतात हे पहिल्यांदाच पाहिलं. मी तसं म्हटल्यावर सगळे हसले. हेडमास्तर सोडून. पंपवाली हाताला सतत मलम चोपडते, त्यामुळे तिला ही ड्यूटी कायमची माफ आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काम मस्त चाललंय. कडेचे प्रवाह थोडे बदलले आणि कुंपण उभं राहिलं. उष्णता आता पूर्वीपेक्षा दुपटीने टिकते. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी घरी येऊन नवऱ्याला ते तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यानेच मला सांगितलं.

एक बारीक गोष्ट. हिशेब किंचित जुळत नाही. आपण आत घालतो त्याहून थोडी जास्त उष्णता आत दिसते. पंपवालीला विचारलं तर तिने खांदे उडवले. हेडमास्तर म्हणाले, सेन्सर जुने आहेत, तेवढा फरक आम्ही रोज शून्यातच वळता करतो. बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.

इथली थंडी माझ्या हाडांत शिरली आहे. आज शेवटी तो निळा स्वेटर चढवला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज घरच्यांना प्रयोगशाळा दाखवण्याचा दिवस होता. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि भिंतीवरच्या सूचनेत एक चूक शोधून खूश झाला. भिंगरीने काचेपलीकडच्या गॅलरीतून कंट्रोल रूम पाहिली, काचेवर एक शेजारीण काढली आणि मग आत यायचा हट्ट धरला.

हेडमास्तरांनी तिला उचलूनच घेतलं. आज मूठ ही देणार, म्हणाले, मुलांचे हात उबदार असतात. तिने दोन्ही हातांनी सेन्सर पकडला आणि पडद्यावरची रेघ अशी सरसर चढली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोड म्हटलं तरी सोडेना. मीच तिची बोटं सोडवली.

आणि त्यानंतरचा शॉट! इतका वेळ उष्णता कधीच टिकली नव्हती. विक्रम. कुंपण नुसतं उभं राहिलं नाही, भिंत झाली भिंत. तापवणं बंद केल्यावरही बांगडी कितीतरी वेळ उजळलेली राहिली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. हेडमास्तरांनी भिंगरीच्या डोक्यावर मोजेवाला हात ठेवला आणि म्हणाले की तिचा पायगुण चांगला आहे. मला आनंदाने रडूच आलं. मी आज फार सुखी आहे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

विक्रम रोज मोडतोय. कुंपणाच्या काठावर एक नवी लहर दिसू लागली आहे, बारीक, जलद, अगदी नियमित. आधीच्या दोन-तीन संथ लहरी होत्याच. ही आली आणि कुंपण पक्कं झालं. शनिवारपासूनच आहे म्हणून मी तिला भिंगरी नाव दिलं. आता मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने विचारतात, भिंगरी कशी आहे आज, आणि मी सांगते, छान आहे.

घरची भिंगरी मात्र कंटाळल्यासारखी आहे. चक्क बसून असते. नवी जागा, मैत्रिणी नाहीत. होईल हळूहळू.

सोमवार, १ डिसेंबर

आज संध्याकाळी भिंगरी तक्रार घेऊन आली की काच बिघडली. मी विचारलं म्हणजे काय. तिने खिडकीशी जाऊन हा केलं. पुन्हा केलं. काचेवर काहीच उमटलं नाही. मी करून पाहिलं, माझंही नाही. म्हटलं, बाहेर कोरडी हवा असेल. तिला पटलं नाही.

तिचे हात गार लागले म्हणून थर्मामीटर काढला. पारा लाल खुणेच्या चार रेघा खाली थांबला. मग मी डोकं शांत ठेवून ते केलं जे आम्ही कामावर करतो. तोच थर्मामीटर स्वतःला लावला. माझाही चार रेघा खाली. मला तर काही झालेलं नाही, तेव्हा थर्मामीटरच चार रेघा कमी दाखवतो. दोघींच्या आकड्यांत चार मिळवले. दोघी ठणठणीत. जीव भांड्यात पडला.

नवरा बाहेर गेला होता, आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, नवा आण. आणते.

गुरुवार, ४ डिसेंबर

बांगडी विझत नाही.

काल दुपारच्या शॉटनंतर तापवणं बंद केलं आणि ती तशीच राहिली. आज दिवसभर तशीच. आत काही घालत नाही, चुंबक फक्त धरून आहेत. सगळ्या प्रयोगशाळेला वेड लागायचं बाकी आहे. हेडमास्तर खुर्चीत बसून पडद्याकडे नुसते बघत होते. मला म्हणाले, तुम्ही असं कुंपण घातलंत की आत गेलेलं बाहेर येतच नाही.

उष्णता आहे तेवढी राहिली असती तर मी पेढे वाटत सुटले असते. ती वाढते आहे. रोज सकाळी आम्ही शून्य बांधतो तेव्हा फरक दिसत नाही. दोन शून्यांच्या मधेच कुठेतरी वाढते.

भिंगरीला डॉक्टरकडे नेलं. अशक्तपणा म्हणाले. टॉनिक दिलं. तपासताना त्यांनी आपले हात एकमेकांवर चोळले आणि खोलीचा हीटर वाढवला.

शनिवार, ६ डिसेंबर

लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

दुपारी भिंगरी झोपली होती. मी शेजारी बसून आकडे बघत होते, लॅपटॉपवर कुंपणाच्या लहरी हलत होत्या. सहज तिचा हात हातात घेतला. बर्फ. नाडी लागली बोटाला. आणि पडद्यावरची भिंगरी, ती जलद लहर, त्याच ठेक्यात चालली होती. एक ठोका, एक उसळी. मी कितीतरी वेळ पाहिलं. तिला स्वप्न पडलं असावं, नाडी धावली. पडद्यावरही धावली.

मग मी आपल्या मनगटावर बोटं ठेवली. संथ लहरींपैकी दुसरी माझी आहे.

नवऱ्याला हाक मारली. तो आला, मला म्हणाला तुझा चेहरा पांढरा पडलाय, आणि चेष्टेने तो बिघडलेला थर्मामीटर स्वतःच्याच तोंडात घातला. काढला तर पारा बरोबर लाल खुणेवर. तो कधीच प्रयोगशाळेत मूठ द्यायला गेलेला नाही.

थर्मामीटर बिघडलेला नव्हता. मी माझ्या थंडीला शून्य धरलं आणि माझ्या मुलीची थंडी त्यातून वजा केली. आम्ही रोज सकाळी तेच करतो. खोली गार होते, माणसं गार होतात, आम्ही तिथे शून्य बांधतो आणि म्हणतो सगळं ठीक आहे.

रविवार, ७ डिसेंबर

पंपवालीकडून पत्ता काढला. आधी ताकास तूर लागू देईना. मी भिंगरीचा हात तिच्या हातात दिला तेव्हा स्वतःच मला घेऊन गेली.

आधीच्या बाई भर उन्हात खिडकीशी बसल्या होत्या. अंगावर तीन शाली. ओठ जांभळे. पण हसल्या, बसा म्हणाल्या, माझ्या अंगावरचा स्वेटर ओळखला आणि म्हणाल्या तुम्हाला शोभतो. त्यांची बहीण चहा घेऊन आली. कपातून वाफ येत होती. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला आणि वाफ थांबली.

त्यांना सगळं ठाऊक होतं. म्हणाल्या, कोणी ऐकत नाही, सगळे सेन्सरला दोष देतात. एखादा शॉट मधेच तुटला, उष्णता भिंतीवर आदळून गेली, की त्या घरी बसल्या जागी कोसळत. जे आत गेलंय ते अजून आपलं असतं. ते धरून ठेवलेलं आहे तोवर आपण आहोत, असं म्हणाल्या. आणि एकदा, फार पूर्वी, शॉट चालू असताना कुंपण ढिलं पडलं होतं आणि त्यांनी मूठ सोडायला उशीर केला. तेव्हा ऊब तारेतून परत आली. थोडीच. पण त्या दिवशी त्यांनी गार पाण्याने अंघोळ केली, इतकं बरं वाटलं. शॉट वाया गेला म्हणून हेडमास्तर महिनाभर बोलले नाहीत.

निघताना मी सांगितलं की माझ्या मुलीनेही मूठ दिली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, यंत्र बंद तर करणार नाहीत ना. मग रडायला लागल्या. पाणी गालांवरच थिजलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

हेडमास्तरांना सगळं सांगितलं. लहरी दाखवल्या, नाडी दाखवली. शांतपणे ऐकून घेतलं. मग मोजा काढला. त्यांची बोटं मेणाची दिसली. म्हणाले की त्यांनी बारा वर्षं मूठ दिली, त्यांना कधीच बरं वाटलेलं नाही, पण वय झालं की असं होतंच. पहिली संथ लहर कोणाची असं मी विचारलं. त्यांनी मोजा चढवला. तुम्ही थकला आहात, सुट्टी घ्या, असं म्हणाले.

नवरा म्हणतो, निघू इथून. आज भिंगरीला घेऊन तो तिच्या आत्याकडे गेला. दिवसभराचा प्रवास. इतक्या लांब तार पोचणार नाही. मी राहिले. बांगडीपाशी कोणीतरी हवं. जाताना तिने काचेवर हा केलं नाही. गाडीत नुसती बसली.

गुरुवार, ११ डिसेंबर

सकाळी बांगडी डळमळली. एका चुंबकाचा जोर क्षणभर उतरला. काठाची थोडी उष्णता भिंतीला लागली. पडद्यावरची एक संथ लहर गेली. विझली. बाकीच्या राहिल्या.

टेबल धरून उभी राहिले. पहिला विचार, भिंगरीची आहे ना — होती. जलद, बारीक. होती.

दुपारी पंपवालीला फोन आला. आधीच्या बाई गेल्या. सकाळी. उन्हात बसल्या बसल्या.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन. आत्याच्या दारात भिंगरी पडली. त्याच वेळी. उठली, बोलते आहे. पण गार. आणखी गार. तिथेही काच बिघडलेली आहे, असं आईला सांग म्हणाली.

अंतराचा काही उपयोग नाही.

रविवार, १४ डिसेंबर

परत आणलं तिला. नवरा तिला छातीशी धरून बसतो, त्याचे दात वाजायला लागतात, तरी सोडत नाही. लाल खुणेच्या खाली आता रेघाच उरल्या नाहीत. ती हसते. हळू हसते.

मोठ्या इस्पितळात नेलं. गरम पाण्याच्या पिशव्या. पिशव्या गार होतात. ती होत नाही — म्हणजे गरम होत नाही. त्यांचं यंत्र बिघडलं आहे असं म्हणाले. शून्य बघून घेतो, म्हणाले.

मंगळवार, १६ डिसेंबर

चुंबक तापत चालले आहेत. इतके दिवस सलग चालवायला ते बनलेलेच नाहीत. शुक्रवारी त्यांचा जोर उतरवायचं ठरलं. उतरवला की बांगडी संपली. सगळी उष्णता भिंतीला, भिंतीतून पाण्याला, पाण्यातून बाहेर —

शुक्रवारी दुपारी.

हेडमास्तर म्हणाले, त्याआधी सकाळी शेवटची मोजमापं. विक्रमी मोजमापं. आणि मुलीला घेऊन या. तिने मूठ दिली तेव्हाच सगळं सुरू झालं, तिच्याच मुठीने संपवू. पायगुण. ते खरंच तसं म्हणाले, प्रेमाने.

मी हो म्हटलं.

गुरुवार, १८ डिसेंबर

नवऱ्याला सगळं समजावलं. आयुष्यभर उष्णता बाहेर पडू नये म्हणून धडपडले. उद्या तीच बाहेर सोडायची. एकाच वाटेने. कुंपण माझं आहे, ढिलं कसं करायचं मलाच येतं. हळूहळू. आणि तार तिच्या मुठीत.

जास्त झालं तर, असं त्याने विचारलं.

मला माहीत नाही. बंद केलं तर ती जाते. तसंच ठेवलं तर तसंच होत होत —

पंपवाली सोबत असेल. तिचे हात उबदार आहेत.

शुक्रवार, १९ डिसेंबर

कंट्रोल रूममधून लिहिते आहे. ऊन आहे बाहेर. हेडमास्तर घरीच बसले आहेत, उठवत नाही म्हणाले. बाकीच्यांना पंपवालीने मोजमापांच्या खोलीत पाठवलं. दाराला आतून कडी.

भिंगरी माझ्या मांडीवर. तार तिच्या मुठीत. थर्मामीटर काखेत. कुंपण एक पायरी खाली.

काही नाही.

आणखी एक पायरी.

ती म्हणाली, आई, गुदगुल्या होतात.

पारा दिसला. दिसला. खालच्या रेघेवर. चढतो आहे. तिचे ओठ गुलाबी. पाय हलवायला लागली, टेबलाला लाथा मारते आहे. मार, सोन्या, मार.

लाल खूण. बरोबर लाल खुणेवर. काही मिळवायचं नाही, काही वजा करायचं नाही. पडद्यावर ती जलद लहर राहिली नाही. ती इथे आहे. माझ्या मांडीवर.

थांबत नाही. एक रेघ वर. दोन. गाल लाल झाले. हे तिचं नाही. हे बाकीच्यांचं. बारा वर्षांच्या मुठी आणि त्याआधीच्या — मालक राहिले नाहीत त्यांना, म्हणून जी मूठ दिसेल तिच्यात —

तिला सोडवत नव्हतं. एकेक बोट उघडलं. तार माझ्या डाव्या हातात घेतली. पंपवालीने तिला उचललं आणि गॅलरीत नेलं. दार लावायला सांगितलं. काहीही झालं तरी उघडू नकोस म्हटलं. ती रडत होती पण तिने लावलं.

तार अर्धवट सोडली तर बांगडी पोरीची ऊब पुन्हा आत ओढणार. कोणीतरी धरून ठेवायला हवं. रिकामी होईपर्यंत.

आधी बरं वाटलं. इतक्या दिवसांनी. स्वेटर काढला.

माझीही लहर गेली पडद्यावरून. म्हणजे माझं मला मिळालं. आता हात उघडता आला असता.

संथ लहरी दोन-तीन नाहीत, खूप आहेत. मोजल्या नव्हत्या कधी. एकामागून एक येताहेत. एक खूप थकलेली, मोजेवाली —

पेन चटके देतंय. कागदाची कड पिवळी —

नवऱ्याला सांगा की —

काचेपलीकडे उभी आहे. पंपवाली मागे ओढते, ती येत नाही. हात हलवते. हट्टी आहे, माझ्यावर गेली.

काचेशी तोंड आणलं. हा केलं.

धुरकट झाली. झाली काच. मोठा गोल. आता बोट टेकवलं. एक डोळा. दुसरा. नाक, आणि